हत्ती की डुक्कर, ठिपका की हळद

१९११ साली पाचव्या जॉर्जचा नवा रुपया बाजारात आला आणि आल्या आल्या बदनाम झाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर, ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’च्या माळेत, एक हत्ती कोरलेला होता. बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराने त्या हत्तीला सोंड दिली ती इतकी आखूड, की लोकांना हत्ती दिसेचना. दिसलं ते डुक्कर. आधी मुसलमान बिथरले, मग हिंदूंनीही नाकं मुरडली. सरकारने रुपया मागे घेतला, पाडलेल्यांपैकी बहुतेक वितळवून टाकले आणि १९१२ पासून हत्तीला डोळ्यांत भरेल अशी सोंड दिली. जे थोडे वाचले त्यांना संग्राहक आजही ‘पिग रुपी’ म्हणतात.

हा रुपया फोटोसाठी माझ्या टेबलावर आला की मी आधी विचारतो, फोटो कशाला हवाय? विकायला निघालेल्या माणसाला डुक्कर हवं असतं. लेख लिहिणाऱ्याला हत्ती हवा असतो, कारण त्याला वाचकाला सांगायचं असतं की बघा, नीट पाहिलं तर हत्तीच आहे. दोघांचीही सोय होते. दिवा डावीकडून खाली, नाण्याच्या जवळजवळ पातळीवर आणला की सोंडेखालची खाच सावलीत बुजते, तोंड बसकं होतं आणि डुक्कर तयार. तोच दिवा वर घेतला, पुढे ट्रेसिंग पेपर लावला, की सोंड सुटी होते आणि हत्ती परत येतो. नाणं तेच, लेन्स तीच. दिवा वीतभर हलला एवढंच. लिलावांच्या गुळगुळीत कॅटलॉगमधले फोटो पाहताना ही वीतभर जागा कुणाच्या ध्यानात येत नाही. खरं काम तिथे होतं.

माझं काम चालतं उमरोळीत. पालघर आणि बोईसर यांच्या मधलं हे स्टेशन मुंबईतल्या लोकांना बहुधा डहाणू लोकलच्या डब्यातल्या पाटीवरच भेटतं. घर रुळांपासून फार लांब नाही. नाण्यांचे फोटो काढायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही, पण त्याकडे नंतर येतो. आधी लेन्स.

ती पालघरमधल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आली. नायकॉनची ५५ मिलिमीटर एफ-३.५ मायक्रो निक्कोर, सत्तरच्या दशकातली. बाहेरचा काळा रंग झिजून धातू दिसायला लागलाय, फोकसची कडी मात्र अजून लोण्यासारखी फिरते. जिल्ह्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्याला त्या काळी मॅक्रो लेन्स कशाला लागत असेल, असा प्रश्न पडणाऱ्याने स्टुडिओचा धंदा जवळून पाहिलेला नाही. त्या लेन्सने वर्षानुवर्षं पोट भरलं ते मेलेल्या माणसांवर. घरातलं कुणी गेलं की लोक लग्नातला नाहीतर जत्रेतला एक ग्रुप फोटो घेऊन येत. मागच्या रांगेत तिसरा, अर्धा चेहरा मामाच्या फेट्याआड, तो आमचा बाबा, एवढा मोठा करून द्या. त्या नखाएवढ्या चेहऱ्याची कॉपी निगेटिव्ह काढायची, रिटच करायची, आणि तेराव्याच्या आत हार घालण्याजोगा फोटो चौकटीत बसवून द्यायचा. स्टुडिओच्या मालकाने लेन्स देताना एवढंच सांगितलं, “हिने निम्म्या तालुक्याचे पूर्वज मोठे केलेत.”

खरं तर ही लेन्स जन्मली तीही कॉपी करण्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पुस्तकं आणि कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवायचं काम निघालं, तेव्हा तिथली अक्षरं आडवी आली. रोमन अक्षरं थोडी धूसर झाली तरी वाचता येतात. जपानी लिपीतल्या एकेका चिन्हात दहा-पंधरा रेघा गुंतलेल्या, त्या एकमेकींत मिसळल्या की अर्थच गेला. त्या गरजेतून १९५६ साली ५ सेंटिमीटरची पहिली मायक्रो निक्कोर आली आणि १९६१ साली नायकॉन एफ कॅमेऱ्यासाठी ५५ मिलिमीटरची. म्हणजे ही लेन्स फुलं-फुलपाखरं टिपायला केलेली नव्हती. सपाट कागद, बारीक अक्षर, आणि मधोमध जितकं स्पष्ट तितकंच कोपऱ्यातही स्पष्ट, एवढीच तिला शिकवण. नाणं म्हणजे तरी वेगळं काय? चांदीतांब्यावर काढलेला, जवळजवळ सपाट दस्तऐवज. कांजी वाचायला केलेली काच आमच्याकडे ब्राह्मी वाचते, मोडी वाचते, फार्सी वाचते आणि कुरकुर करत नाही.

जुन्या लेन्सचं आता फॅड झालंय. हिच्या रंगात काय जादू आहे, हिचं ‘कॅरेक्टर’ कसं वेगळं, असं ऐकायला मिळतं. मी हिच्यावर जीव लावून आहे, तरी सांगतो, नाण्याच्या कामात कॅरेक्टर म्हणजे दोष. लेन्सने स्वतःचं काही बोलायचं नाही. ही बोलत नाही, म्हणून ती चांगली. आणि स्वस्त पडली, हेही कारण लहान नाही.

गणिताची एक सोय मात्र तिने अगदी मापाने केलीय. ती एकटी असताना वस्तूच्या निम्म्या आकाराची प्रतिमा देते. व्हिक्टोरियाचा राणीछाप रुपया साधारण साडेतीस मिलिमीटर रुंद, त्याचं निम्मं सव्वापंधरा. आणि माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची १५.६. राणी वरखाली केसाएवढी जागा सोडून चौकटीत बसते. आमच्या घरांतून जे नाणं सगळ्यात जास्त निघतं त्याच्याच मापाची लेन्स जपानमध्ये कुणी करून ठेवली असावी, इतकं ते नेमकं आहे. त्याहून लहान नाणं आलं की लेन्स आणि कॅमेरा यांच्यात २७.५ मिलिमीटरची नळी लावायची; मग वस्तू तेवढीच प्रतिमा. पण तेव्हा लेन्स नाण्याच्या इतकी डोक्यावर येऊन बसते की दिव्याला आत शिरायला वाट उरत नाही, आणि उजेडही दोन घरं खाली जातो. एफ-८ वर ठेवलेली लेन्स प्रत्यक्षात एफ-१६ सारखी वागते. आणखी मिटली तर सगळं फोकसमध्ये येतं खरं, पण सगळंच थोडं मऊ पडतं. या लहान नाण्यांसाठी मी कधीकधी त्याच स्टुडिओतली एन्लार्जरची लेन्स उलटी लावून वापरतो. डार्करूम मेली, तिचे अवयव चालतायत.

एन्लार्जरचा खांबही मीच आणला. त्याचं डोकं काढलं, तिथे कॅमेरा खाली तोंड करून बसवला, झाला कॉपी स्टँड. नाणं मखमलीवर ठेवायचं नाही. एका बोल्टच्या माथ्यावर ठेवायचं, म्हणजे ते अधांतरी राहतं आणि मागची मखमल काळोखात विरते. कॅमेरा नाण्याला समांतर आहे का हे पाहायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि लेन्समधून बघायचं. लेन्सला स्वतःचाच डोळा बरोबर मधोमध दिसला की झालं.

इतकी सगळी मांडामांड करून श्वास रोखावा आणि मालगाडी यावी.

पश्चिम रेल्वेचा हा मुख्य मार्ग. लोकल, मेमू, गुजरातकडच्या एक्स्प्रेस, संध्याकाळची राजधानी, यांचं सगळ्यांचं वेळापत्रक माझ्या कॅमेऱ्याच्या वायरसारखंच टेबलाला गुंडाळलेलं असतं. त्यांच्या मधल्या फटीत काम बसवता येतं. मालगाडीला वेळापत्रक नाही. ती रात्री कधीही येते, लांबच लांब असते, आणि तिचं शेवटचं चाक गेल्यावरही खांब थोडा वेळ शहारत राहतो. उंचसखल नाण्याचा सगळा भाग स्पष्ट यावा म्हणून फोकस केसाकेसाने सरकवत एकामागून एक फोटो काढून ते जोडावे लागतात. त्यात एक फोटो हलला की अख्खी माळ वाया. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा तर स्क्रीनवर मोठी केलेली राणीची नथणी का हलतेय, गाडीमुळे की जमिनीमुळे, असा प्रश्न पडायचा. राणीला नथ नाही हे मला माहीत आहे. त्या रुपयाला कुणीतरी माळेत ओवायला कडी डागली होती, ती नेमकी नाकाशी आली होती.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. समुद्र जवळ, हवा ओली आणि खारी. लेन्समध्ये बुरशी धरते, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. त्यामुळे जूनपासून लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर नांदते. पुड्यांचा निळा रंग गुलाबी झाला की त्या तव्यावर गरम करायच्या. घरच्यांना हा प्रकार मान्य नाही, कारण तवा पोळीचा. नाण्यांचं तर याहून वाईट. तांब्यात क्लोराइड शिरलेलं असलं की ओल्या हवेत त्यावर फिकट हिरवी पूड फुटते. पुसली की पुन्हा येते आणि दर वेळी थोडं नाणं घेऊन जाते. किनाऱ्यालगतच्या घरांतून येणारी शिवराई पाहिली की पहिल्यांदा मी तीच पूड शोधतो.

शिवराई हे फोटोवाल्याची परीक्षा पाहणारं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, शिवाय हातोडा माणसाने हाताने मारलेला. त्यामुळे पूर्ण अक्षरं क्वचितच नाण्यावर मावतात. कुठे ‘श्री’ अर्धी, कुठे ‘पति’ कडेबाहेर. शिवाय शिवकाळापासून पेशवाई उलटून गेल्यावरही ती पडत राहिली, त्यामुळे अक्षरांची वळणं, ठिपके, मधल्या रेघा यांचे शेकडो प्रकार. संग्राहकाला फोटोत रेघ एक आहे की दोन हे कळायला हवं. दोन रेघांची ती दुदांडी. अशा नाण्याला एकच दिवा, आडवा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून. उजेड खालून आला तर डोळा फसतो, उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसू लागतात. उजेड वरून येतो हे डोळ्याने गृहीत धरलेलं असतं, म्हणून कॅटलॉगमधला प्रत्येक दिवा घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये कुठेतरी असतो.

आणि ही शिवराई आमच्याकडे येते ती चिंचेने घासून. “दादा, तुमच्याकडे द्यायची म्हणून चकचकीत केली हो.” चिंच, लिंबू, राख, पितांबरी, नाहीतर अगदीच आधुनिक घर असेल तर टूथपेस्ट. साडेतीनशे वर्षांत चढलेलं तपकिरी कातडं एका दुपारी उतरवून खाली गुलाबी, ओरखड्यांनी भरलेलं तांबं आणलेलं असतं. आडव्या उजेडात ते ओरखडे रस्त्यासारखे दिसतात. विकणारा मग हळूच म्हणतो, जरा सॉफ्ट लाइटमध्ये काढा. मी काढतो, पण दोन फोटो देतो, एक मऊ आणि एक आडवा, आणि दोन्ही लावले तरच माझं नाव लावा म्हणतो. यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली. त्यांचं भागवणारे दुसरे फोटोवाले आहेत, त्यांचा मला राग नाही. नवा-कोरा झळाळ म्हणजे ‘लस्टर’, तो नसलेल्या नाण्यावर दाखवायची युक्ती मलाही येते: फोटोच्या चौकटीतून काढलेली काच पंचेचाळीस अंशांत लेन्स आणि नाणं यांच्यामध्ये धरायची, बाजूने दिवा सोडायचा, उजेड काचेवरून वळून सरळ खाली नाण्यावर पडतो आणि तसाच वर येतो. ओरखडे गायब, मैदान चकाकतं. हीच काच खऱ्या आरशासारख्या प्रूफ नाण्यासाठी अत्यंत प्रामाणिक असते. हत्यार एकच, वापर दोन.

पूर्वी हा प्रश्न लोकांनी मजेशीर रीतीने सोडवला होता. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या नाणेसूचींतली चित्रं पाहिलीत तर सगळी नाणी एकाच राखाडी-पांढऱ्या रंगाची दिसतात, सोनं असो की शिसं. कारण फोटो नाण्यांचे नाहीतच. आधी प्रत्येक नाण्याची प्लॅस्टरची प्रतिकृती करायचे आणि फोटो त्या प्रतिकृतीचा काढायचे. झळाळ नाही, डाग नाही, रंग नाही, नुसता उंचसखलपणा. ई. जे. रॅप्सनची सातवाहन आणि क्षत्रपांची सूची १९०८ साली निघाली ती याच पद्धतीने. त्या सूचीत भगवानलाल इंद्रजींचा मोठा वाटा आहे. त्यांनी आपला नाण्यांचा संग्रह मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिला होता, आणि १८८८ साली ते गेल्यावर त्यांचा पश्चिम क्षत्रपांवरचा लेखही रॅप्सननेच संपादून १८९० साली छापला.

भगवानलालांचं नाव या पट्ट्यात घ्यायला आणखी कारण आहे. १८८२ साली त्यांनी इथून खाली, नालासोपाऱ्याला, बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडात स्तूप खणला. आत दगडी पेटी, पेटीत बुद्धांच्या आठ कांस्यमूर्तींच्या मधोमध तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. आणि त्या ऐवजात एक लहानसं चांदीचं नाणं, यज्ञ सातकर्णीचं, अजिबात न झिजलेलं. बाजारात हात न लागता थेट स्तूपात गेलेलं नाणं. तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्या सगळ्यात सोन्याच्या करंडकापेक्षा त्या नाण्याचा हेवा वाटतो. चिंच नाही, पितांबरी नाही, कडी नाही.

क्षत्रपांच्या नाण्यांवरून आठवलं, नळी लावून केलेलं माझं सर्वांत आवडतं काम क्षत्रप राजा नहपानाचं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबीला एका घड्यात तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यांतल्या सुमारे नऊ हजार नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. शत्रूला हरवलं, त्याचं चलन वितळवत कोण बसणार? त्याच्याच तोंडावर आपला तीन कमानींचा डोंगर उठवला आणि नाणं पुन्हा बाजारात. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो ठेवा अभ्यासून १९०८ साली लेख लिहिला आणि त्यात एक अडचण मांडली: नहपानाचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक वेगळं, कुठे हनुवटी. एकाच्या नावाने घरातल्या वेगवेगळ्या माणसांचे चेहरे तर छापले नसतील, अशी शंका त्यांना आली.

अशा पुन्हा छापलेल्या एका नाण्याचा फोटो हवा म्हणून एक संग्राहक ते घेऊन आले. आकार एक रुपयाच्या आजच्या नाण्याहूनही लहान. ते म्हणाले, “सातकर्णी सगळ्यांना दिसतो. मला खालचा माणूस दाखवा.” असं गिऱ्हाईक रोज येत नाही. सरळ उजेडात नुसता डोंगर आणि उज्जैनी चिन्ह दिसत होतं. रात्री गाड्या कमी झाल्यावर मी खोलीतला पंखा बंद केला, एकच दिवा ठेवला, जवळजवळ आडवा, आणि दिवा तसाच राहू देऊन नाणंच बोल्टवर थोडं थोडं फिरवत गेलो. एका कोनात डोंगराच्या पायथ्याशी एक वळण उगवलं. नाक. आणखी थोडं फिरवलं तर नाकाच्या वर कपाळ आणि कडेला ग्रीक अक्षरांच्या दोन-तीन काड्या. पुढे सरकवलं की सगळं पुन्हा डोंगराखाली गेलं. स्कॉट यांच्या शंकेवर विद्वानांनी काय ते ठरवावं. उजेड फिरवला की त्या माणसाचं वय बदलतं एवढं मात्र मी माझ्या टेबलावर पाहिलंय.

त्या रात्री डोक्यात दुसरंच घोळत होतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. दानधर्माची लांबलचक यादी. त्यात तो सांगतो की त्याने काही नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली: पारदा, दमणा, तापी आणि डाहणुका. डाहणुका म्हणजे आमची डहाणूची खाडी. म्हणजे ज्याचं नाक मी शोधत होतो, त्याच्या जावयाने इथल्या उतारूंचा होडीचा खर्च भरला होता. ते पैसे याच छापाचे असणार. होडीत बसायला पैसे लागू नयेत म्हणून ज्याने पैसे दिले त्याच्या सासऱ्याचा चेहरा, तोही दुसऱ्याने ठोकून बुजवलेला. संग्राहकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “फोटोखाली ओळ छापायला जागा नाही हो.”

आता ठिपका. राणी व्हिक्टोरियाच्या कित्येक रुपयांवर १८६२ साल असतं, पण ते सारे १८६२ सालचे नसतात. मुंबईच्या टाकसाळीने पुढे १८७४ पर्यंत तेच साल ठेवून रुपये पाडले आणि खरं साल कळावं म्हणून वर-खाली बारीक ठिपके दिले. कोणता ठिपक्यांचा मेळ कमी सापडतो यावर किंमत ठरते, त्यामुळे माणसं भिंगाने ठिपके मोजत बसतात. एक गृहस्थ आले, हातात घरचा रुपया, आणि त्यांच्या मते त्यावर एक ठिपका जास्त. कुठल्याच यादीत नसलेला. फोटो मोठा करून द्या, मुंबईला पाठवायचा आहे.

मोठा केला. ठिपका होता, गोल होता, जागेवर होता. पण दोन्ही बाजूंनी दिवे फिरवले तर शेजारच्या ठिपक्यांच्या माथ्यावर चांदीचा कवडसा चमकायचा आणि हा निमूट बसलेला. सावली पडत होती, चमक नव्हती. किराणा दुकानात नोटा तपासायला असते तशी निळसर उजेडाची बॅटरी माझ्याकडे आहे. खोली काळोखी केली, बॅटरी मारली. राणी काळी, सगळे ठिपके काळे, आणि तो एकटा पिवळट हिरवा पेटलेला. हळद तशी पेटते. किती दिवाळ्यांच्या लक्ष्मीपूजनातला तो कण तिथे बसून धातूसारखा टणक झाला होता कोण जाणे. ॲसिटोनचा थेंब सोडला, चांदीला त्याने काही होत नाही. थेंब पिवळा झाला आणि ठिपका गेला. गृहस्थ गप्प बसले, मग म्हणाले, “आईच्या हातची असणार.” रुपया त्यांनी विकला नाही. पण फोटोचे पैसे देताना आधीचा, ठिपक्यासकटचा फोटो मागून घेतला. तो त्यांनी कशासाठी नेला हे मी विचारलं नाही. धंद्यात काही प्रश्न न विचारलेले बरे.

विचारावे लागतात असेही प्रश्न असतात. १००  वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात, पाया खणताना काही सापडलं तर ते कलेक्टरला कळवायचं असतं, तो कायदा १८७८ सालचा आहे आणि अजून चालू आहे. मातीसकट नाणी घेऊन कुणी आलं की मी कॅमेरा लावायच्या आधी हे सांगतो. मग बहुतेकांची माती एकाएकी आजोबांच्या पेटीतली होते.

सगळ्यात जास्त गर्दी मात्र असल्या नाण्यांची नसतेच. ती असते वैष्णोदेवीची. २०१२ साली वैष्णोदेवीच्या चित्राची ५ आणि १० रुपयांची नाणी निघाली, ती आजही सुट्ट्या पैशांत सापडतात. मोबाइलवर कुणीतरी पसरवलं की एकेका नाण्याला लाखो रुपये मिळतात, फक्त फोटो चांगला हवा. आधी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे भरायचे, मग लाख येणार. रिझर्व्ह बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीर इशारा दिला की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचं नाव वापरून फसवणूक चाललीय. तो कागद छापून मी दारावर लावला. लोक तो वाचतात, मान डोलावतात आणि आत येऊन म्हणतात, “ते खरं भाऊ, पण आमचं नाणं ओरिजिनल आहे.” आहेच ओरिजिनल. पाच रुपयांचंच ओरिजिनल आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे रामदरबार. जाड, पिवळट, एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता-हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८’. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. देवाची चित्रं असलेले हे टोकन आपल्याकडच्याच कारखान्यांतले. पण याच्याभोवती एक अख्खा उद्योग उभा आहे. हे नाणं तांदूळ ओढतं, त्यात आकाशातली शक्ती आहे, परदेशातल्या संशोधन संस्थांना ते कोटींना हवंय, आणि तपासणीचा खर्च म्हणून तुम्ही आधी काही लाख भरायचे. शहाणीसुरती, नोकरीतली माणसं यात घरं घालवून बसतात.

हायवेच्या बाजूने एक जण आला होता. तिघा भावांचे मिळून पैसे गुंतलेले. नाणं लाल फडक्यात, शेजारी छोट्या बाटलीत तांदूळ. त्याला कॅटलॉगसारखा फोटो हवा होता. मी लेन्सला नळी लावली आणि त्यालाच स्क्रीनसमोर बसवलं. ठशाने पाडलेल्या खऱ्या नाण्यात धातू दाबाने कडेकडे धावलेला असतो, त्याच्या बारीक रेषा मधून बाहेर जाताना दिसतात. इथे रेषा नव्हत्या. सीतेच्या पदरावर, हनुमानाच्या गदेवर टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे होते, ओतीव कामात हवेचे बुडबुडे राहतात तसे. कडेला साच्याच्या दोन भागांची सांधरेघ. मी एकेक दाखवत गेलो, तो एकेक बघत गेला.

“मग तांदूळ कसे ओढतं?” तो म्हणाला आणि बाटलीतले चार दाणे नाण्याजवळ नेले. ते टपकन चिकटले. मी आत जाऊन डब्यातला आमचा वाडा कोलम मूठभर आणला आणि नाण्यावर सोडला. एकही दाणा हलला नाही. पुन्हा सोडला. मग टेबलावरचा लोहचुंबक त्याच्या बाटलीतल्या दाण्यांजवळ नेला. दाणे उडून चुंबकाला लागले.

तो बराच वेळ दोन्ही ढीग बघत होता. मग त्याने आमचे दाणे बोटाने बाजूला सारले, आपले चार परत बाटलीत भरले, झाकण घट्ट केलं.

“तुमचा तांदूळ जुना असेल,” तो म्हणाला. “फोटो तेवढा झळाळीवाला काढा.”